आगासकर कुमुद, सहा तारा

वडील पेट्या दुरुस्त करायचे. भाता, सूर, कळा.
गिटार आमच्या दुकानात शिरली ती सत्त्याऐंशी साली,
चादरीत गुंडाळून,
तापलेलं पोर डॉक्टरकडे आणावं तशी.
खत्तर गल्लीच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली,
काका, हिचा पूल उचललाय.
मी सव्वीस वर्षांचा. काका कसला!
वहीत लिहिलं: आगासकर कुमुद, सहा तारा,
पूल चिकटवणे, पस्तीस रुपये. बाकी पंधरा.

मग कॅसेट आली. वेष्टनावर नाव ‘कॅमी’.
कंपनीतला कुणी म्हणाला होता,
कुमुद म्हटलं की हळदीकुंकवाचं बोलावणं वाटतं.
चामडी जाकीट, जांभळे ओठ,
पानवाल्याकडे, इराण्याकडे, गणपतीच्या मांडवातसुद्धा
तेच एक गाणं.
बायको विचारायची, ही खरंच आपल्याकडे येते?
येते, म्हटलं. उधारीवर येते.

गिटारीची पट्टी बघितली की गाणाऱ्याचा गळा कळतो.
हिचा चाप कायम चौथ्या घरात,
त्याच्या वरचा सगळा धातू घासून खळगे पडलेले,
खालची तीन घरं कोरी, नव्या पाटीसारखी.
गळा काळी पाचचा.
रंगभवनात मागच्या भिंतीला टेकून ऐकला मी,
कानात बोटं घालून, आणि बोटं हळूच काढून.

अठ्ठ्याण्णवच्या मेमध्ये मान तुटून आली.
पडली, म्हणाली.
नुसतं पडून लाकूड असं फाटत नाही.
मी विचारलं नाही. तिच्या मनगटाकडेही
दुसऱ्यांदा बघितलं नाही, याचं मला अजून
बरं वाटत नाही.

पोटात हात घालून आतली पट्टी चाचपताना
बोटांना कागद लागला.
बेस्टच्या कंडक्टरचं जुनं वे-बिल,
मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं अक्षर, मराठीत:

बाबा, तुमच्या पंचची टकटक
मी ताल म्हणून उचलली.
शेवटच्या थांब्यावर हिशेब कमी भरला
तर माझ्या नावावर टाका.

तोवर मराठीत तिनं एक शब्द गायला नव्हता.
कागद होता तिथे, होता तसा ठेवला.
सरस लावला, शिकंजे आवळले.
मान जोडणे, दोनशे ऐंशी.

पुढची पानं तिच्याशिवायची आहेत.
ऐकू यायचं काहीबाही. गळ्यात गाठी. ऑपरेशन.
गोडेतेलाच्या जाहिरातीत ‘हलकं हलकं’ म्हणणारी
ती आहे, असं तबल्याचा पुडा बदलायला आलेला
एक पोरगा म्हणाला. ठाण्याला मुलांना शिकवते म्हणे.
तिच्या गाण्याला कुणीतरी नवे ढोल लावले
आणि पडद्यावर दुसऱ्याच मुलीचे ओठ हलले.

एकदम परवा-परवा आली. केस पांढरे, चादर तीच असावी.
मी आधी पट्टी बघितली.
पहिली तीन घरं झिजलेली, वरची गंजलेली.
चाप कुठाय?
पिशवीतच असतो, म्हणाली. आवाज पुरुषासारखा,
खर्जात वाळू. काळी एकच्या वर गाडी जात नाही.
शनिवारी या. तळघर आहे, पायऱ्या जपून उतरा.

साठ खुर्च्या, वीसेक रिकाम्या.
ना ड्रम, ना झगमग दिवे.
अंगठीनं गिटारीच्या पोटावर वाजवत बसली,
टक टक, टक टक,
आणि शेजारचा म्हातारा सवयीनं
सुट्टे पैसे चाचपायला लागला.
पहिल्या चार ओळी मला पाठ होत्या.
पाचवी नव्हती.
ती मी इथे लिहीत नाही.

सोमवारी दुकानात: तिसरी तार खरखरते, काका.
काढू?
नको, आता सवय झालीय, नुसतं तेल-पाणी करा.
मग पाकीट उघडून म्हणाली,
ते सत्त्याऐंशीचे पंधरा राहिलेत ना?

मी वही मिटली.
राहू देत. बाकी फेडली की
आमच्याकडे नावावर काट मारतात.