कडता

उद्या मराठीचा पेपर.
मोंढ्यातून आलो तेव्हा श्रावस्ती
पत्र्याच्या खोलीत, पुस्तकावर हनुवटी टेकून.
म्हणाली, पप्पा, तुम्ही पुस्तक धरा, मी म्हणते.

मी मापाडी माणूस. वसमतच्या मोंढ्यात
एकोणीस वर्षं काट्यापाशी उभा.
पुस्तक धरलं तर पानावर
पिवळा अंगठा उमटला.
पुसायला गेलो, आणखी पसरला.
"राहू द्या," म्हणाली, "खूण होईल."

कविता आठ ओळींची. तिच्यात एक बाई
दारात बसून सूप हलवते.

सूर्याकडे तोंड करून
ती पाखडते दिवस

इथवर पाठ. पुढं पोरगी अडखळे,
फोलपटं का कोंडा, दर वेळी तिथंच.
मी म्हटलं, फोलपटं.
हलकं ते आधी उडतं, ध्यानात ठेव.

मग रसग्रहण. सहा मार्क.
गाईडात छापलेलं: बाई म्हणजे काळ,
सूप म्हणजे नियती, फोलपटं म्हणजे मोह.
अन् दाणे? मी विचारलं.
तिनं पान उलटून बघितलं, मागचंही बघितलं.
दाण्यांचं काही दिलेलं नव्हतं.

"जणू आलं की उत्प्रेक्षा," ती मलाच शिकवायली,
"सारखं आलं की उपमा.
दोन्ही नाही, सरळ तेच म्हटलं, की रूपक."
मी म्हटलं, आमच्याकडं सोपंय बाई.
कांडी ती कांडी, गट्टू तो गट्टू.
कांडीसारखा म्हणून गट्टूला कोण भाव देतंय?
ती हसली. घड्याळ बघून
हसू तसंच अर्ध्यावर ठेवलं.

साडेनवाला लाईट गेली.
मोबाईलची बॅटरी लावून तांब्याला टेकवली.
तिची आई, दिवसभर हळद निवडून आलेली,
पाठमोरी भाकरी थापत होती.
तशीच म्हणाली,
"तोंड कुठं केलंय म्हणलीस तिनं?"
"सूर्याकडं."
"मग तिला खडा दिसायचा नाही.
उन्हाकडं पाठ करावी लागती.
ऊन खांद्यावरनं सुपात पडलं पायजे.
डोळेच दिपल्यावर काय निवडावं माणसानं?"
अन् भाकरी तव्यावर टाकली.

श्रावस्ती पेनचं टोपण चावायली.
"पप्पा, हे लिहू का?"

आता काय सांगू.
क्विंटलमागं किलोभर कडता कापतात,
कशाचा, ते विचारायचं नसतं.
पेपर कुठं जाणार, कोण तपासणार,
त्याच्या घरी सूप असेल नसेल.
म्हटलं, गाईडचं लिही.
ती "बरं" म्हणाली.
ते बरं माझ्या ओळखीचं होतं.
आडत्यापुढं मी म्हणतो, तसलंच.

सकाळी केंद्रावर सोडून मोंढ्यात आलो.
अकराच्या सुमाराला, पहिली घंटा झाली असेल तेव्हा,
शेडच्या कडेला निवडायला बसलेल्या बाया दिसल्या.
तीसेक असतील.
सगळ्यांच्या पाठी उन्हाला.
डोईवरचे पदर तापलेले, तोंडं सावलीत,
अन् पुढ्यातली हळद तेवढी लख्ख.
रोज त्यांच्याच पोत्यांचं वजन करतो मी.
काटा थांबायच्या आधीच आकडा बोलून बसलो.
हमाल म्हणाला, मापाडी, पुन्हा बघा.
पुन्हा बघितलं. सव्वा किलो जास्तीचं भरलं.

संध्याकाळी विचारलं, काय लिहिलंस?
"अर्धं गाईडचं."
अन् अर्धं?
ती दारात वाकून सँडलचा पट्टा सोडत होती.
आतून आई म्हणाली,
आधी पाणी तर पिऊ द्या पोरीला.

परवा हिंदी आहे.
पुस्तक काढून ठेवलंय माझ्यापुढं.
हात धुऊन आलो दोनदा.
तरी कुठं जातंय.