छाट

अम्मा मोजायची तेलुगूत,
खर्च करायची मराठीत.
सुपात विड्या पडायच्या ओकटी, रेंडू, मूडू,
आणि वाण्यापुढं:
"पावशेर म्हटलं हो मी, अर्धा किलो कुठं म्हटलं?"

आमच्या घरात रुपया उशिरा आला.
त्याआधी विडीच चालायची.
साबण म्हणजे सत्तर विड्या,
माझी शंभर पानी वही, दीडशे.
गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा, एक फेरी, चाळीस.
दुसरी मागितली की अम्मा काही बोलायची नाही,
नुसता उजवा हात पुढं करायची,
कात्रीच्या घट्ट्यासकट.

कारखान्यात चेकर बसायचा.
बंडल उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा,
आणि न बघताच बाजूला टाकायचा.
छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
कमी पडलेलं पान तुम्ही विकत आणा,
दिव्याचं बिल तुमचं, रात्र तुमची.
छाट जास्त निघाली त्या संध्याकाळी
आम्ही भावंडं न सांगता
कडक भाकरी पाण्यात बुडवून खायचो.

मी विडीला बसले नाही.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात
हिशेब लिहायला लागले.
माझी मोजणी हप्त्यांची.
फ्रिज बारा, शिलाई मशीन दहा,
घरकुलातली खोली एकशे ऐंशी.
प्रत्येक वस्तू माझी झाली
तेव्हा तिचा रंग गेलेला होता.
टॉवेल मात्र रोख घ्यायचे, सेकंडचे.
काठाला एक धागा सुटलेला,
नाहीतर कोपऱ्यात तेलाचा डाग.
आम्ही सगळे त्यालाच अंग पुसत मोठे झालो,
अंग कोरडं व्हायचंच की.

हरिणी पुण्याहून आली दिवाळीला.
तीन कुर्ते मागवले, एक ठेवायला.
आरशासमोर उभी राहिली, वळली, मान हलवली.
दुसऱ्या दिवशी गाडीवरून पोरगा आला,
दोन पिशवीत घातले, "थँक्यू मॅडम" म्हणाला, गेला.

अम्मा उंबऱ्यात बसलेली.
"पैसे?"
"येतात परत."
"सगळे?"
"सगळे, अम्मा."
"आणि तो ओरडला नाही?"

मग ती जी हसली,
डोळ्यांतून पाणी येईपर्यंत,
समोरच्या पद्मावतीला हाक मारून सांगितलं,
"अगं, आमच्या हरिणीनं कंपनीची छाट काढली!"
संध्याकाळपर्यंत साखर पेठेतल्या त्या बोळात
हीच बातमी.
मला तिचा इतका आनंद
माझ्या शेवटच्या हप्त्यालाही दिसला नव्हता.

रात्री दोनला नळ आला, पाचव्या दिवशी.
मी पिंप भरत होते, हरिणी पाईप धरून,
दुसऱ्या हातात मोबाईल.
अम्मा अंधारात जागीच.
"ती शिवणारी असेल ना कोणी,
तिच्या कार्डावर किती कापले असतील गं?"

"अम्मा, तसं नसतं आता,"
हरिणी म्हणाली,
आणि जरा वेळानं, मोबाईल खाली करून,
"मला माहीत नाही."

पिंप भरून वाहायला लागलं.
नळ बंद करायचं कुणाला सुचेना.
"दोन्ही चांगले होते,"
अम्मा म्हणाली,
"शिवण दाबून बघितली होती मी."