तिसरी पायरी

शुक्रवारी सुट्टी. एरवी आठवडाभर मी
मनाम्यातल्या गच्च्यांवर, एसीच्या पोटात हात घालून.

शालोमकाकांनी रेवदंड्याहून फोटो धाडला,
त्यांच्या चुलत्याच्या पत्राचा, सन छत्तीस:
'दुकानाचे पाठीमागे राहतो. पायऱ्या तीन.
तिसरी फुटकी, रात्री जपून चढावे लागते.
येथील नवल म्हणजे भर समुद्रात, खाऱ्याच्या तळाशी,
गोड्या पाण्याचे झरे आहेत.
पाणबुडे मशका भरून आणतात.
मातोश्रींस सांगणे, शनिवार पाळतो.'
खाली सही, हसाजी. शाई माशाच्या पाठीसारखी.

आमच्या मोहल्ल्याला लागूनच त्यांचा घाणा.
शनिवारी बैलाच्या डोळ्यांवर झापड नसे.
तो दिवसभर जग बघत उभा,
आणि आम्ही पोरं त्याच्याकडे बघत.

बाजाराच्या कमानीतून आत शिरलो.
मोबाईलची कव्हरं, केशर, परकराच्या लेसा,
तीन दिनारला मोत्यांची माळ (मोती कसले, ते चमकतच जास्त होते).
पत्रातलं एकही नाव पाटीवर नाही.
प्रार्थनाघराची भिंत इतकी साधी
की मी दोनदा पुढे निघून गेलो.
दार बंद. पहाऱ्यावर सिल्हेटचा पोरगा.
'काय काम?'
'पायरी शोधतोय.'
तो हसला नाही. म्हणाला, 'कुठली?'

त्यानं बोटानं दाखवलं ते दुकान अबू खलफचं.
सुकी काळी लिंबं, वेलची, पोत्यात गुलाबकळ्या.
म्हातारा मुंबईची हिंदी बोलतो,
कधीकाळी भेंडीबाजारात दमा दाखवायला गेला होता.
'यहूदी? हां, कापडवाले. इथं, हे समोर.'
समोर कुरिअरचं ऑफिस.
'आणि त्यांचा हिंदी कारकून?'
अबू खलफनं चहात साखर ढवळली, बराच वेळ.

'मी पोर होतो. बापानं ईदला माझं कापड घेतलं, उधारीवर.
एका बारीक माणसानं वहीत लिहिलं, कानाला टाक.
लिहून झाल्यावर वहीवर फुंकर घातली, मग माझ्या डोक्यावर.
पुढे ते सगळे गेले.
वही कुणी नेली ठाऊक नाही.
बाप मरताना म्हणाला, ते कापड राहिलंय.'

कान आणि टाक एवढंच. नाव त्याला आठवत नव्हतं.
मी फोटो दाखवला. त्याला देवनागरी वाचता येत नाही,
पण त्यानं अक्षरावरून बोट फिरवलं,
जसं कापडाचा पोत बघतात.

'पायऱ्या?' मी विचारलं.
'पायऱ्या कुठे जातात? रस्ता वर आला.
डांबरावर डांबर, फरशीवर फरशी.
दोन खाली गेल्या. तिसरीवर तू उभा आहेस.'

मी पाय उचलला.
खरंच, कुरिअरच्या उंबऱ्याशी एक दगड,
कोपरा उडालेला,
त्या खाचेत कुणीतरी विझवलेली सिगरेट.
ती मी काढली. खिशात ठेवली. का, कोण जाणे.

निघताना म्हाताऱ्यानं मुठीत कोंबली
अर्ध्या दिनारची नोट आणि पसाभर काळी लिंबं.
'हिशेब नीट माहीत नाही. व्याज म्हणून लिंबं.'
मी म्हटलं, दुकान त्यांचं नव्हतं, ते नुसते लिहीत.
तो म्हणाला, 'मग लिहिणाऱ्याला दे.'

व्हिडिओ लावला. शालोमकाका पाटावर,
कानाशी फोन धरून, त्यामुळे मला दिसला फक्त कान.
सगळं सांगितलं. दगड, सिगरेट, नोट.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, 'अरे, पाण्याचं विचारलंस का?
झरे आहेत अजून?'

ते विचारायचं राहूनच गेलं.
आम्ही बाटलीचं पितो, काका.
'बरं,' ते म्हणाले, 'पुढच्या शुक्रवारी.'

नोट पाकिटात वेगळ्या कप्प्यात आहे.
मोडवत नाही. खोलीभर लिंबांचा वास,
आणि उद्या शनिवार,
सहा मजली बिल्डिंग, एकोणीस मशिनं,
मला कामावर जायचंय.