दोर, नग नऊ

मोडी लिहिताना आधी रेघ ओढतात,
दोरी ताणावी तशी, पानभर,
मग तिच्याखाली अक्षरं टांगतात.
हे मला कळलं पन्नाशीत, पुण्याच्या दफ्तरखान्यात,
भिंग धरून.
गिरमाजी वाळिंबे तिथेच भेटला,
पागेच्या चंदीवैरणीखाली, आतषबाजीच्या वर:
‘कवि. नक्त सव्वाशे. शेला एक.’

सात वर्षं, शेला एक.
हत्तीवर आर्या, हत्तीच्या झुलीवर आर्या,
धाकट्या रावसाहेबांचा दात पडला
त्यावरसुद्धा अकरा,
यमक कुठेही चुकलेलं नाही.

मग वैशाखात कारंज्यावर काव्य मागितलं.
हा म्हणाला, पाणी येतं कुठून ते बघून येतो.
निघाला नळाच्या कडेकडेने, कात्रजकडे,
एकेका उसाशात वाकून बघत.
उसासा म्हणजे नळाचं नाक, दगडी;
नाव ठेवणाराही कवीच असणार, वर्षासन नसलेला.
आत कुणी बेलदार गाळ उपसत होता.
खालून ओरडला, वर कोण आहे? दोर सोडा!
याच्याकडे दोर नव्हता.
शेला होता.

पुढचं लिहिलेलं नाही.
एवढंच: ‘शेला एक, परत जमा. फाटका. चिखल.’
बेलदार वर आला की नाही
हे कुठल्या खात्यात शोधू?

त्यानंतर गिरमाजी सापडतो हौदांच्या खर्चात.
‘दोर एक, अंबाडीचा, गिरमाजी कवि यास.’
पुढल्या साली तीन. मग पाच.
ज्यांना हौदाला हात लावायची बंदी
त्यांच्याही घागरी हाच भरतो,
अशी तक्रार एक. निकाल नाही.
दुष्काळाच्या साली दोर नऊ.

संतचरित्रं मी पुष्कळ वाचली,
आईला डोळ्यांनी दिसेना तेव्हा मोठ्याने.
झिजलेले दोर मोजलेले
कुठे आढळले नाहीत.
याचा एक अभंग नाही, समाधी नाही,
कसब्यात चार जणांना विचारलं,
एकाने विचारलं, वाळिंबे कुठले, सातारचे का?
कारकुनाने मात्र ‘कवि’ शेवटपर्यंत खोडलं नाही.
विसरला असेल.

मग एका साली ‘दोर नऊ’,
पुढे कोरं.
कुणास, ते नाही.
मी भिंग सरकवलं. अक्षरं संपली होती,
रेघ तशीच गेलेली, कागदाच्या कडेपर्यंत.
खिडकीशी बाईंनी किल्ल्या वाजवल्या, साडेपाच.
मी घाईने पान उलटलं.

पुढल्या साली दहा.