सोबत मोठं कोण आहे?

सिव्हिलच्या खिडकीतल्या बाईंनी केसपेपर फाडला
आणि माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं.
"सोबत मोठं कोण आहे?"
मागे फरशी पुसणारी एक मावशी होती, आणि ऊन.

स्ट्रेचरवरून अम्मा पुटपुटली, "पेद्द कोडुकु."
मी मराठी केलं : मोठा मुलगा.
"ते दिसतंय रे. मोठं माणूस."

नाना भिवंडीला मागावर.
त्यांचा फोन सांगतो, नंबर तपासून पाहा.

झटक्यात अम्माचं मराठी गेलं, सगळंच.
हजाराचा हिशेब, शिव्या,
सडक्या पानांवरून कारखान्यात केलेली भांडणं.
उजवा हात गेला, पाय गेला.
तेलुगू उरली, तीही मूठभर.
आता डॉक्टरचं मी तिला सांगतो, तिचं डॉक्टरला,
मधलं थोडं माझ्यापाशी ठेवतो.

रात्री आठला सिस्टर आल्या.
"बायकांचा वॉर्ड आहे. पुरुषांनी बाहेर."
मी इकडेतिकडे पाहिलं.
पुरुष मीच होतो.
सकाळी अकराला लहान, रात्री आठला पुरुष;
मधल्या नऊ तासांत मी
फक्त एक वडापाव खाल्ला होता.

घरी सोडताना गोळ्या दिल्या, तारीख दिली.
कूस किती वेळाने बदलायची
ते अम्माच्या पाठीवरच्या फोडाने शिकवलं.
वेणी शिकवली शेजारच्या इंदिरा गाजुलने,
दारातूनच, "तीन पेड बे, चार नव्हे."
अंघोळीला मी डोळे मिटतो. अम्माही मिटते.
धाकटा नरेश तेवढा वेळ बाहेर बसून
विडी घरकुलातून जाणाऱ्या रिक्षा मोजतो.
परवा त्याने एकतीस सांगितल्या.
एवढा वेळ लागत नाही खरं तर.

तिचा डावा हात अजून
हवेतलं पान धरून ठेवतो
आणि कात्रीची वाट पाहतो.

नगरसेवकाच्या ऑफिसात फॉर्मांचा गठ्ठा आहे,
विधवांचा, निराधारांचा, अपंगांचा.
"हा आईचा. अंगठा घेऊन ये."
आणि माझा?
पंख्याखालचा माणूस हसला, वाईट नाही, नुसता हसला.
"तुला काय झालंय? धडधाकट तर आहेस."

बिराजदार सर हजेरीपुढे 'अनियमित' लिहितात.
पाणी पाचव्या दिवशी येतं, पहाटे अडीचला,
त्याला कुणी काही लिहीत नाही.
एकदा सरांनी वर्गाबाहेर घेतलं, खांद्यावर हात ठेवला,
"काही अडचण असेल तर सांग."
मी कुठून सुरू करायचं ते ठरवत होतो.
मधली सुट्टी पंधरा मिनिटांची.
"नाही सर," म्हटलं.

ड्रम भरेपर्यंत नळीवर पाय ठेवून
मोबाईलच्या उजेडात भूगोल वाचतो.
नद्या कुठून निघतात ते पाठ आहे,
पुढचं राहिलंय.
आत अम्मा जागी असते. हाक मारत नाही.
एक शब्द म्हणते,
झटक्याआधी कधी म्हणायची नाही, तो.
त्याचं मराठी मी अजून केलेलं नाही.
कुणी विचारलंही नाही.