पुढल्या तारखेचे चेक

शारजाच्या कडेला, मुवैल्यात,
आमच्या ऑफिसच्या काचेवर रोज वाळूची साय धरते.
शफीकुल नातूर ती पुसतो, मग दिसते पाटी:
एक बेडरूम. फक्त फॅमिली.

मी करारनामे टाइप करते, बारा वर्षं.
आले तेव्हा समोर नुसती माळरानासारखी वाळू.
आता शाळा, शाळेमागे शाळा,
आणि मालक पिवळ्या बसगाड्या मोजून
भाडं ठरवतो.

कोण राहतं इथे, मला विचारा.
तिसऱ्यावर कोट्टयमची नर्स,
नवऱ्याचा व्हिसा दोन वर्षं ‘येतोय’.
पाचव्यावर सीरियन दंतवैद्य, फोनवर आईशी भांडतो.
दोनशे दोनमध्ये कागदावर एक लाहोरी जोडपं,
आणि प्लायवूडपलीकडे आणखी तीन संसार,
ज्यांची भांडी एकाच नळाखाली रांग लावतात.
इन्स्पेक्टर येतो त्या दिवशी
सगळे चुलत भाऊ असतात.
मी रकान्यात टाइप करते: व्यक्ती, दोन.
कीबोर्डला जीभ नसते.

मार्चमध्ये परीक्षा संपल्या
की लिफ्टला आतून पुठ्ठे लावतात.
बायका-मुलं आधी जातात:
कोझिकोड, सियालकोट, चिपळूण.
माणूस मागे उरतो,
एका बेडरूममधून एका बेडवर येतो.
काल ज्याला फॅमिली म्हणत होतो
त्याला आज बॅचलर म्हणायचं,
टक्कल पडलेल्या, तीन मुलींच्या बापाला.

काल यादीत सतरावं नाव आलं:
फ्लॅट चारशे सात, उदय विश्राम धामापूरकर.
माझा नवरा.
अठ्ठावीस हजाराचे पस्तीस.
मीच मथळा टाइप केला, प्रिय भाडेकरू.
मीच शेजारी अरबी चिकटवली,
शिक्का मारला. जरा तिरका बसला.
पाकीट चिकटवायला थुंकी पुरेना.

संध्याकाळी शफीकुलने तेच पाकीट
आमच्या दाराखालून सरकवलं.
उदयने वाचलं, चहा संपवला,
म्हणाला, शिक्का तिरका आहे, चालायचा नाही.
हसलो दोघं.
मग फ्रीजची घरघर ऐकत बसलो.

रात्री चेकबुक काढलं.
नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट.
सही त्याची, तारखा माझ्या.
ऑगस्टात त्याची कंपनी असेल का,
त्याची शुगर कुठे असेल,
बँक विचारत नाही.
असे किती ऑगस्ट मी आधीच लिहून दिलेत,
रबर बँड लावून
मालकाच्या लोखंडी खणात पडलेत ते.

हॉलमध्ये पडद्यामागे सोहमचा टेबललॅम्प अजून आहे.
तो सांगलीला, हॉस्टेलवर.
करारनाम्यात मी व्यक्ती दोन लिहिलं,
खोडलं,
परत तीन केलं.

नर्सची धाकटी बहीण येतेय, बिन्सी.
रात्रपाळी करील, दिवसा झोपेल,
चपला आत काढेल.
इन्स्पेक्टर आलाच तर धामापूरकरांची भाची.
तिला थोडं मराठी शिकवायला हवं.
निदान ‘मामी’ तरी
न अडखळता म्हणता आलं पाहिजे.