वर जायला वीस तेत्री

तेक्ले, टॉर्च जरा डावीकडे धर.
माझ्या तोंडावर नको गं, दोरावर.
बघ, पोलादालाही केस फुटतात.
एखाददुसरा तुटला तर चालतं,
मूठभर तुटले की दोर बदलायचा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
शाल्वा उस्ताद पोरांना शिकवायचा,
मी त्याच्या कोपराखालून बघून घेतलं.

आधी मेन बंद.
मग किल्ली खिशात, खिशाला बटण.
किल्ली कुणाच्या हाती द्यायची नाही.
"द्या इकडे, मी करतो" म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही.
तो वाईट नसतो.
चांगुलपणानंही बोटं जातात.

ग्लदानीतल्या या इमारतीत
पहिल्यांदा आले त्या हिवाळ्यात
पाचव्या मजल्यावरच्या एतेरीबाईंनी दार उघडलं,
माझ्या मागे जिन्यात वाकून पाहिलं,
म्हणाल्या, "मेकॅनिक खालीच राहिला का?"
म्हटलं, नाही, बूट पुसतोय.
आणि त्यांच्या पायपुसण्यावर बूट पुसले.

तेव्हा बूट त्रेचाळीस नंबरचे, कंपनीचे.
पुढे वर्तमानपत्र कोंबून घालायचे.
हातमोजा असा, की एकात माझे दोन्ही हात मावावेत.
तुझे बूट अडतीसचे आहेत ना?
तीनदा अर्ज केला त्यांच्यासाठी.
अर्जाला कुणी टाळ्या वाजवत नाही,
पाय मात्र घसरत नाही.

तुझी आई काल दुकानात भेटली.
बटाटे निवडता निवडता म्हणाली,
"यंत्रातलं तिला काय कळणार, लामारा?"
मी तिला तिच्याच बाल्कनीची आठवण दिली.
समोरच्या इमारतीपर्यंत ताणलेली तार,
दोन टोकांना दोन कप्प्या.
सातव्या मजल्यावरून ओल्या चादरी
अख्ख्या अंगणावरून पलीकडे पाठवते ती,
कप्पी कुरकुरली की
सूर्यफुलाचं तेल सोडते दोन थेंब.
वजन, ताण, घर्षण,
सगळं ठाऊक तिला, नावं तेवढी नाहीत.
ती हातातला बटाटा बघत राहिली.
हो म्हणाली असं नाही.
पण आज डबा दोघींचा दिलाय.

आता खाली वाकून बघ, कठडा धरून.
ते काळं, जाडजूड, दोराला लटकलेलं:
प्रतिवजन.
केबिन वर जाते तेव्हा ते खाली उतरतं.
कुणाला दिसत नाही,
आणि ते नसेल तर मोटर दमून जळते.
काय म्हणालीस? बायकांसारखं?
उपमा राहू दे, ग्रीस दे.

...पण बोललीस ते खोटं नाही.
म्हणूनच म्हणते, तिथं अंधारात लोंबकळण्यापेक्षा
इथं ये, वर, मोटरच्या खोलीत,
जिथून ब्रेक सुटतो.
थंडी आहे, कबुतरांची घाण आहे,
बाथरूम म्हणशील तर चार मजले खाली,
एतेरीबाईंच्या घरी. आता त्या कॉफी पण देतात.

भीती वाटते?
वाटू दे. मला बावीस वर्षं वाटतेय.
तीच मला मेन दोनदा तपासायला लावते.

चल, झालं. हात पूस. ही घे किल्ली.
कुणाला द्यायची नाही म्हटलं होतं,
तुला द्यायची नाही असं कुठं म्हटलं?
लाव मेन.
ऐक... मोटर घसा खाकरतेय म्हातारी.
ऐकलास ना आवाज? हा लक्षात ठेव,
बिघडला की याच्याहून वेगळा येतो.

केबिनमध्ये ये आता.
तो नाण्यांचा डबा मेकॅनिकलाही सोडत नाही.
या इमारतीत वर जायला वीस तेत्री पडतात,
खाली यायला काही नाही.
माझ्याकडे सुटे नाहीत.
तू टाक.